एकशे बाराव्या पानावरचं बसचं तिकीट

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं आणि त्याला त्यांना एकच वाचक हवा होता. एकच, पण खरा. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, तळटिपांसकट वाचणारा. हे मागणं काही फार नाही असं वाटेल, पण पुण्यात लिहिणारे गल्लोगल्ली सापडतात, भाषण करणारे तर जिन्यातही गाठतात, वाचणारा मात्र शोधावा लागतो. त्यातून बाबांचा विषय होता हजार-अकराशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या एका कोपऱ्यात राज्य करून गेलेला एक राजा. म्हणजे जिथे गिऱ्हाईक नाही तिथेच दुकान टाकायचं, असा प्रकार.

राजाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण आमच्या घरात त्याला कुणी नावाने हाक मारलीच नाही. बाबा त्याला 'राजे' म्हणत आणि आई 'तुमचे राजे'. "अहो, तुमचे राजे टेबलावरून उचला, मला मेथी निवडायचीय," असं ती म्हणाली की बाबा कागदांचा गठ्ठा छातीशी धरून खिडकीपाशी जात. मेथी झाली की राजे परत गादीवर.

बाबा सरकारी कचेरीत अभिलेख कक्षात होते. जुन्या फायली ज्या खोलीत आपलं म्हातारपण काढायला जातात, ती खोली. तिथे तीस-बत्तीस वर्षं काढल्यामुळे त्यांना दोन सवयी जडल्या. एक, कागदाचा पुरावा असल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही. आणि दोन, जे काही तपासलं त्यावर शेरा मारून ठेवायचा. आमच्या घरातल्या मिक्सरच्या खोक्यावरही त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'भांडे क्र. २ गळते. दुरुस्तीस दिले. सुधारणा नाही.'

हा राजा त्यांना सापडला तो निवृत्तीच्या थोडं आधी, वाचनालयातल्या एका पुठ्ठा सुटलेल्या इंग्रजी ग्रंथात. त्यात एक वाक्य असं होतं की हा राजपुत्र बारा वर्षांचा होईपर्यंत त्याला वाचता येत नव्हतं. बाबा त्या दिवशी घरी आले ते चप्पल न काढताच आत आले.

"बारा वर्षं!" ते आईला म्हणाले. "राजाच्या पोटी जन्म, घरात पुस्तकं, दाराशी गुरुजी, आणि बारा वर्षं अक्षरओळख नाही! आमच्याकडे निदान कारण तरी होतं."

बाबांचे वडील भवानी पेठेत हमाल होते. बाबा शाळेत गेले ते नवव्या वर्षी, तेही पाठीवर ओझं घ्यायला अजून लहान पडतो म्हणून. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली त्या वर्षी बाबा सातवीत होते आणि वस्तीत पत्र वाचून दाखवणारा माणूस म्हणून त्यांना घरोघरी बोलावत. एक पत्र वाचलं की एक कप चहा. बाबा सांगत की त्यांच्या चहाच्या व्यसनाचं मूळ साक्षरतेत आहे.

तर उशिरा वाचायला शिकलेल्या या राजावर त्यांचा जीव जडला. त्याला चार थोरले भाऊ होते, त्यातले तीन एकामागून एक गादीवर बसून गेले, मगच याचा नंबर लागला. समुद्रापलीकडून येऊन लुटालूट करणाऱ्या टोळ्यांनी त्याला भर हिवाळ्यात पळवून लावलं. तो दलदलीत लपला, वसंतात परत आला आणि जिंकला. लग्नाच्या जेवणावळीत त्याचं पोट बिघडलं ते आयुष्यभर बिघडलेलंच राहिलं. हे वाचून आई म्हणाली, "म्हणजे अगदी तुमच्यासारखंच." पण बाबांना खरा आवडला तो त्याचा म्हातारपणीचा उद्योग. शहाणपण सगळं लॅटिनमध्ये अडकून पडलंय आणि आपल्या लोकांना लॅटिन येत नाही, म्हणून या राजाने ग्रंथ आपल्या साध्या बोलीत आणायला घेतले. स्वतः बसून. राज्य सांभाळून.

"इंग्रजीसुद्धा एके काळी गावठी भाषा होती," बाबा मला म्हणायचे. "तिच्यात पुस्तकं लिहायची एका राजाला लाज वाटली नाही, म्हणून आज तुला तिच्यात नोकरी मिळतेय."

मला नोकरी नुकतीच मिळाली होती. संगणकातली सालं उलटताना जग बुडेल अशी भीती सगळीकडे होती, आणि ते बुडू नये म्हणून आमच्यासारखी शेकडो पोरं पुण्यात रोज सकाळी कंपनीच्या बसमध्ये चढत होती. मी त्यातली एक. कर्वेनगरहून निघायचं, काचेच्या इमारतीत बसून इंग्लंडमधल्या विमा कंपनीचा प्रोग्राम तपासायचा, आणि घरी येऊन बाबांकडून इंग्लंडची दुसरी बाजू ऐकायची. माझं इंग्लंड दोन हजार सालाकडे निघालेलं, बाबांचं नवव्या शतकात चिखलात उभं. दोघांची गाठ जेवणाच्या टेबलावर पडायची.

बाबांचं संशोधन नुसतं वाचून भागत नसे. या राजाने म्हणे वेळ मोजायला मेणबत्त्या केल्या होत्या. एक मेणबत्ती चार तास, सहा मेणबत्त्या म्हणजे दिवस-रात्र. बाबांना पुरावा हवा होता. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जायची, पंखे बंद, म्हणजे ज्योत हलायचा प्रश्न नाही. एका गुरुवारी सकाळी त्यांनी देवळाबाहेरच्या दुकानातून आणलेल्या मेणबत्तीवर ब्लेडने खुणा केल्या, ती स्टीलच्या वाटीत उभी केली आणि समोर घड्याळ घेऊन बसले. दर वीस मिनिटांनी वहीत नोंद. साडेअकराला आईने खिडकी उघडली.

"अगं, राज्य विझेल!" बाबा ओरडले.

"मी घामाने विझतेय त्याचं काय?" आई म्हणाली.

ज्योत विझली. बाबांनी वहीत लिहिलं: 'प्रयोग गृहखात्याच्या हस्तक्षेपामुळे अपूर्ण.' मग पुढच्या गुरुवारी कळलं की राजालाही हाच त्रास झाला होता. त्याच्या लाकडी देवळाच्या फटींतून वारा यायचा, म्हणून त्याने शिंगाचे पातळ तुकडे लावून कंदील करवून घेतला. त्या दिवशी बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता. अकराशे वर्षांपूर्वीच्या माणसाची आणि त्यांची अडचण एकच निघाली होती.

पुस्तकाबद्दल घरात एकच मोठं भांडण झालं, ते भाकरीवरून. या राजाबद्दल इंग्लंडात पोरासोरांना ठाऊक असलेली गोष्ट अशी: दलदलीत वेष पालटून लपला असताना तो एका गुराख्याच्या झोपडीत राहिला. गुराख्याची बायको चुलीवर भाकऱ्या टाकून त्याला म्हणाली, जरा लक्ष ठेव. हा लढाईच्या विचारात बुडालेला. भाकऱ्या करपून कोळसा झाल्या. बाईला काय माहीत समोर राजा बसलाय, तिने त्याला फडाफडा झापलं.

आईला ही गोष्ट जाम आवडली. सगळ्या पुस्तकात तिला तेवढीच आवडली. "ती बाई बरोबरच बोलली," ती म्हणायची. "मी असते तर उलथनं फेकून मारलं असतं."

आणि बाबांनी नेमकी तीच गोष्ट पुस्तकात घ्यायला नकार दिला. कारण राजाच्या हयातीतला एकही कागद ती सांगत नाही, ती मागाहून कुणीतरी जोडलेली आहे.

"पुराव्याशिवाय एक ओळ घेणार नाही," बाबा म्हणाले.

"भाकरी करपल्याचा पुरावा काय राहणार आहे?" आई म्हणाली. "वास तेवढा येतो, तोही संध्याकाळपर्यंत जातो."

शेवटी तडजोड झाली आणि भाकरीला एक तळटीप मिळाली. आई आठवडाभर बाबांशी कामापुरतंच बोलली.

पुस्तक छापून आलं. गठ्ठे आमच्या दिवाणाखाली गेले आणि बाबा शबनम पिशवीत चार-चार प्रती घालून बसने गावभर वाटू लागले. लोक आदराने घेत. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना बाबा म्हणाले, "राजांवर लिहिलंय," तर त्यांनी पुस्तक आधी कपाळाला लावलं आणि मग मुखपृष्ठ पाहिलं. त्यावर दाढीवाला गोरा माणूस पाहून त्यांनी बाबांकडे असं पाहिलं की जणू यांनी त्यांचा नमस्कार फसवून घेतला.

आणि मग बाबांनी तो उद्योग केला, जो अभिलेख कक्षात तीस वर्षं काढलेला माणूसच करू जाणे. प्रत्येक प्रतीत एकशे बाराव्या पानावर त्यांनी बसचं तिकीट ठेवायला सुरुवात केली. तेव्हाची तिकिटं पातळ, रंगीत कागदाची असत, कंडक्टर पत्र्याच्या पेटीतून फाडून, टिचकी मारल्यासारखी पंच करून देत. त्या तिकिटाच्या पाठीमागे बाबा बारीक अक्षरात लिहीत: 'इथवर आलात, आभारी आहे. हे तिकीट घेऊन घरी या. चहा देऊ.'

हे मला कळलं दिवाळीत, सेक्रेटरींच्या घरी फराळाला गेलो तेव्हा. ते बाबांना म्हणाले, "वाचलं बरं का तुमचं पुस्तक. एका बैठकीत! अप्रतिम!" बाबा उठले, शोकेसमधून आपलं पुस्तक काढलं, अगदी सहज चाळल्यासारखं करून एकशे बारावर आले. तिकीट जागेवर होतं. बाबांनी पुस्तक मिटलं, परत ठेवलं, आणि ताटलीतली चकली उचलली.

"चकली खुसखुशीत झालीय," ते म्हणाले. "आणि पुस्तकही तुम्ही किती जपून ठेवलंय. कुणाचा हात लागू दिला नाहीत."

घरी येताना जिन्यात त्यांनी मला सगळी पद्धत समजावून सांगितली. मी पोट धरून हसले. मग बातमी सोसायटीत फुटली आणि लोक हुशार झाले. पुस्तक मिळालं की आधी तिकीट काढून केराच्या टोपलीत. पण टाकण्याआधी तिकिटामागचा मजकूर तरी वाचायला हवा होता, तेवढं कुणी केलं नाही. बाबा भेटले की विचारत, "चहाला कधी येताय?" समोरचा म्हणे, "येऊ की, कधीही!" बाबा मान हलवत आणि समजून जात. त्या चहासाठी एकही माणूस आमच्याकडे आला नाही. आई विचारायची, "साखर आणून ठेवू का जास्तीची?" हे ती चेष्टेत विचारायची, पण आणून ठेवायची.

माझी प्रत बाबांनी स्वतःच्या हाताने दिली. 'चि. मुलीस' असं लिहून खाली सही, तारीख. मी घेतली आणि पाया पडले. वाचली नाही. कामाचा व्याप होता, हे खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. मला त्या पुस्तकाची लाज वाटायची. कंपनीतल्या मुलांचे वडील मुलांच्या पगाराबद्दल बोलत, माझे वडील राजांच्या पोटदुखीबद्दल. आज हे लिहिताना त्या लाजेचीच लाज वाटते.

मधे इंग्लंडहून आमचा प्रोजेक्ट मॅनेजर पुण्याला आला. भला माणूस होता, घरचं जेवण जेवायचंय म्हणाला, मी त्याला घरी नेलं. बाबांनी आदल्या दिवसापासून प्रश्न काढून ठेवले होते, अनुक्रमांकासह. साहेब बसतो न बसतो तोच बाबांनी कचेरीच्या खणखणीत इंग्रजीत पहिला प्रश्न टाकला. राजांच्या कायद्यांच्या संहितेबद्दल. साहेब गोंधळला. दुसरा प्रश्न, गावोगाव बांधलेल्या तटबंदीबद्दल. साहेबाने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात आईने त्याच्या ताटात गरम भाकरी वाढली आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"अच्छा, तो राजा!" तो म्हणाला. "तोच ना, ज्याने भाकऱ्या करपवल्या?"

मी आईला भाषांतर करून सांगायची गरजच पडली नाही. तिने हातवाऱ्यांवरून ओळखलं आणि बाबांकडे असं काही पाहिलं की साहेबालाही हसू फुटलं.

"बघा," ती म्हणाली. "त्यांच्या माणसालाही भाकरीच आठवली."

साहेब गेल्यावर बाबांनी प्रश्नांचा कागद घडी घालून खिशात ठेवला. मग म्हणाले, "माणसाने लढाया जिंकल्या, कायदे केले, ग्रंथ आणले आपल्या भाषेत. लोकांच्या लक्षात काय, तर भाकरी!" ते खरंच दुखावले होते. स्वतःच्या नावावर काय राहील, हा विचार त्यांच्या मनात तेव्हा आला असणार, असं मला आता वाटतं. तेव्हा मी साहेबाच्या टॅक्सीच्या काळजीत होते.

साहेबालाही त्यांनी एक प्रत दिली होती. मराठीतली. तिकिटासह.

त्याच साहेबाने पुढे मला सहा महिन्यांसाठी इंग्लंडला बोलावलं आणि त्या सहा महिन्यांची सहा वर्षं झाली. निघताना बाबांनी विचारलं, "पुस्तक घेतलंस?" मी म्हटलं, "हो, हातातल्या पिशवीत." हातातल्या पिशवीत चकल्या होत्या. पुस्तक कपाटात, लोकरीच्या कपड्यांमागे होतं. म्हणजे लोकरीचे कपडेही राहिलेच, थंडीने कुडकुडत पहिले आठ दिवस काढले, ही त्या थापेची रीतसर शिक्षा.

तिथे पहिल्याच आठवड्यात साहेबाच्या टेबलाशी गेले, तर बाबांचं पुस्तक मॉनिटरखाली. मॉनिटरची उंची त्यामुळे नेमकी झाली होती. एकशे बारावं पान पाहिलं, तिकीट नव्हतं. ते त्याने समोरच्या बोर्डावर टाचणीने लावलं होतं, पाठीमागचा मजकूर बाहेर करून. त्याला वाटलं होतं, मंत्र आहे. मी अर्थ सांगितला. तो चक्क हळवा झाला, म्हणाला, पुण्याला आलो की नक्की येईन चहाला.

मी बाबांना फोनवर एवढंच सांगितलं की साहेबाच्या पुस्तकात एकशे बारावर तिकीट नाही.

"बघ!" बाबांचा आवाज फोनबाहेर आला. "शेवटी इंग्रजाने वाचलं! मराठी येत नसताना वाचलं!"

मॉनिटरचं मी सांगितलं नाही. सांगवलं नाही.

मग एका रविवारी त्यांनी मला सहज विचारलं, "तू वाचलंस का गं?"

"केव्हाच संपवलं, बाबा. फार छान झालंय."

"तिसरं प्रकरण कसं वाटलं?"

"तिसरं तर सगळ्यात छान!"

"हो का," बाबा म्हणाले. "मलाही तेच आवडतं." आणि पुण्यात उकाडा किती आहे ते त्यांनी मी विचारायच्या आतच सांगून टाकलं. पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही. मला वाटलं, सुटले.

परत आल्यावर मी वाघोलीत घर घेतलं, ऑफिस जवळ म्हणून. वाघोलीहून कर्वेनगरला जाण्यापेक्षा लंडनहून येणं सोपं होतं, निदान त्यात मधे जेवण देत. महिन्यातून दोन रविवार जाणं व्हायचं. या काळात बाबांचे डोळे गेले. एकदम नाही, डोळ्याच्या पडद्याचा आजार, समोरचं मधोमध पुसत गेलं. कडेचं थोडं दिसायचं. "मुख्य मजकूर गेला, तळटिपा राहिल्या," असं ते डॉक्टरांना म्हणाले.

मग आमची कर्वेनगरची इमारत पुनर्विकासाला गेली. सगळ्यांनी घरं रिकामी करायची, दोन-तीन वर्षं भाड्याने राहायचं आणि मग नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर यायचं. आईने फर्मान काढलं की तुझं कपाट तू येऊन आवर, मी तुझ्या कॉलेजच्या वह्यांना हात लावणार नाही. म्हणून एका रविवारी सकाळी मी गेले. बाबा बाहेरच्या खोलीत खुर्चीत रेडिओ लावून बसले होते. आई स्वयंपाकघरात. मी कपाट उघडलं, लोकरीचे कपडे काढले, आणि मागे ते पुस्तक.

आधी एवढंच वाटलं की बरं झालं, यांना दिसत नाही आता. हे वाटलं, हे कबूल करते. मग सहज उघडायला गेले तर ते आपोआप एका जागी उघडलं, कारण तिथे जाड झालं होतं. एकशे बारा. आणि तिथे तिकिटांची चवड.

माझ्या प्रतीत तिकीट असेल हे मला कधी सुचलंच नव्हतं. परीक्षा बाहेरच्यांसाठी असते, मुलीवर कोण पाळत ठेवणार, असं मी धरून चालले होते. सगळ्यात खाली जुनं, फिकट गुलाबी तिकीट होतं, चहाचं आमंत्रण असलेलं. त्यावर दुसरं, पाठीमागे बाबांचं अक्षर: 'तपासले. पुस्तक इंग्लंडला नेल्याचे कळते. तथापि कपाटात सापडले.'

तिसरं: 'तपासले. तिकीट जागेवर. फोनवर तिसरे प्रकरण आवडल्याचे कळवले आहे. पुस्तकात प्रकरणे नाहीत, वर्षवार मांडणी आहे.'

मी पुस्तक घेऊन पलंगावर बसले. हसू आलं, आणि कान गरम झाले. चौथं: 'तपासले. प्रगती नाही. कामाचा व्याप असावा.' पाचवं: 'स्थिती तीच. स्मरणपत्र देऊ नये.' सहावं मशीनमधून निघणाऱ्या पांढऱ्या तिकिटांपैकी होतं, पुढची छपाई उडून गेलेली, मागे पेनाचं अक्षर तेवढं शाबूत: 'मुलगी परत आली. वाघोलीला राहते. अंतर पाहता विलंब समजण्यासारखा.'

सातवं तिकीट त्या चवडीत नव्हतं. ते पुढे सहा पानांनंतर सापडलं, कारण एकशे बारावं पान त्यांना आता दिसत नव्हतं. अक्षरं एकमेकांवर चढलेली, ओळ खाली घसरलेली. 'दृष्टिदोषामुळे तपासणी यापुढे शक्य नाही. फाईल मात्र बंद करू नये.'

मी रडले. आवाज न करता, कारण बाबांचे कान उत्तम होते. मग डोळे पुसून पहिलं पान उघडलं आणि वाचायला लागले.

खोटं सांगत नाही, पुस्तक चांगलं होतं. मला अपेक्षा नव्हती. बाबांनी राजाला अजिबात डोक्यावर घेतलं नव्हतं. जिथे तो हरला तिथे सरळ 'हरले' लिहिलं होतं, जिथे त्याने लुटारूंना खंडणी देऊन वेळ मारून नेली तिथे 'प्रकरण तात्पुरते मिटवले.' चार थोरल्या भावांच्या मागे उभं राहून आपला नंबर कधी येतो हे बघणाऱ्या पोराचं बाबांनी असं वर्णन केलं होतं की मला रेशनच्या रांगेत उभे असलेले छोटे बाबाच दिसले. पुस्तक हातातून सुटेना. वाचत वाचत उठले, पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, आणि ओट्याला टेकून तिथेच वाचत राहिले.

"खाली खोकी घेऊन माणूस आलाय," आई म्हणाली. "ही तव्यावरची भाकरी तेवढी बघ. फुगली की काढ. ऐकलंस का?"

"हो," मी म्हटलं. राजे तेव्हा हिवाळ्यात पळत होते. मोजकी माणसं बरोबर, खायला नाही, पायाखाली चिखल. पुढे काय होणार हे मला ठाऊक होतं, लहानपणापासून जेवताना ऐकलं होतं, तरी पान उलटवेना इतकी धाकधूक. पानाच्या तळाशी बारीक टाइपात तळटीप होती: 'याच मुक्कामात राजांच्या हातून भाकरी करपल्याची कथा सांगतात. तिला पुरावा नाही.'

बाहेर रेडिओ बंद झाला.

"कितव्या पानावर आहेस?" बाबांनी खुर्चीतूनच विचारलं.

मी वर पाहिलं. स्वयंपाकघरात धूर भरला होता. भाकरी तव्यावर काळी ठिक्कर पडली होती. मी गॅस बंद केला, चिमट्याने ती उचलली, तेवढ्यात आई दारात.

"एक भाकरी!" आई कडाडली. "एक भाकरी बघायला सांगितली होती! एवढं इंग्लंडला जाऊन आलीस, कंपनीत माणसं हाताखाली, आणि तव्यावर समोर जळतंय ते दिसत नाही? डोळे कुठे होते तुझे?"

"तिला बोलू नकोस गं," बाबा बाहेरून म्हणाले. "ती वाचतेय."

आई थांबली. तिने माझ्या हातातलं पुस्तक पाहिलं, मग चिमट्यातली भाकरी पाहिली. तिने तवा उचलून मोरीत ठेवला आणि खिडकी उघडली. जेवताना बाबांनी करपलेलीच भाकरी मागून घेतली, काळं खरवडून लसणाच्या चटणीबरोबर खाल्ली, आणि पुढच्या आवृत्तीत तळटीप बदलावी लागेल म्हणाले. आई म्हणाली, "आधी ही आवृत्ती दिवाणाखालून बाहेर काढा, ट्रकमध्ये जागा नाहीये."

दुपारी मी कपाट आवरलं नाही. चार वाजता एकशे बारावर पोचले. चवडीतलं सगळ्यात खालचं, गुलाबी तिकीट काढलं, बाहेरच्या खोलीत गेले आणि बाबांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते अंगठ्याने चाचपलं. पंचचं भोक सापडेपर्यंत चाचपलं. मग खुर्चीत सरळ बसले, शर्टाची कॉलर नीट केली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "अगं, चहा टाक. वाचक आलेत."